पाहुण्यांचा माल

कस्टममध्ये नोकरीला लागून नवीनला बरीच वर्षं झाली होती, पण तो तिथे नेमकं करतो काय, हे यावल तालुक्यातल्या त्याच्या गावाला अजून समजलं नव्हतं. कस्टमवाला म्हणजे विमानतळावर उभा राहून लोकांच्या बॅगांतून सोनं काढणारा माणूस, अशी गावाची पक्की समजूत. सुट्टीवर आला की कुणी ना कुणी त्याला बाजूला घेऊन हळूच विचारायचं, "पकडलेलं सोनं मग जातं कुठी रे?" नवीनने आयुष्यात कधी सोनं पकडलं नव्हतं. तो दूर दक्षिणेत, समुद्रकाठच्या एका शहरात संगणकासमोर बसायचा आणि परदेशातून आलेली वस्तू कायद्याच्या पुस्तकात कुठे बसते ते ठरवायचा. वस्तू ज्या प्रकरणात बसेल त्याप्रमाणे तिच्यावर कर. एकदा त्याने हे सगळं भिकुबाई आत्याला नीट समजावून सांगितलं. आत्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे सामानाचं बारसं करतो तू." त्या दिवसापासून त्याने समजावणं सोडून दिलं.

त्यातच फेसलेस पद्धत आली. माल उतरतो मुंबईकडच्या बंदरात, आणि त्याचे कागद जातात देशात भलतीकडेच बसलेल्या अधिकाऱ्याकडे. कोणाकडे, ते संगणक ठरवतो. व्यापाऱ्याला अधिकाऱ्याचं नाव कळत नाही आणि अधिकाऱ्याला माल दिसत नाही. नवीनला ही पद्धत मनापासून पटली होती. ओळखीपाळखीची कटकटच मिटली. फक्त समोर माणूस नसला की चिडायचं कुणावर, हा प्रश्न उरायचा. तो प्रश्न त्या हिवाळ्यात त्याला जरा जास्तच पडत होता, कारण त्याच्याकडे एक चमत्कारिक फाइल आली होती.

माल होता इंजिनाचे इलेक्ट्रॉनिक कंट्रोल. जनरेटरच्या डिझेल इंजिनावर बसणारे डबे. मागवणारी कंपनी सातपुडा पॉवर कंट्रोल्स, जळगाव. 'जळगाव' वाचल्यावर नवीनला क्षणभर घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्याची त्यालाच भीती वाटली. उद्या कुणी म्हणायला नको की आपल्या जिल्ह्याचा माल म्हणून याने डोळेझाक केली. म्हणून त्याने ती फाइल इतर फायलींपेक्षा जरा जास्तच बारकाईने पाहिली.

कंपनीने माल दाखवला होता नव्वदाव्या प्रकरणात. तिथे बसतात मोजमापाची आणि आपोआप नियंत्रण करणारी उपकरणं. नवीनला वाटत होतं, हे पंच्याऐंशीव्या प्रकरणातलं काम आहे. साधं विजेचं पॅनल, बटणं आणि रिले बसवलेला डबा. कर तिथे जास्त. खरं काय ते ठरणार होतं एकाच गोष्टीवर: डबा इंजिनाचा वेग स्वतः मोजून, तो हलला की परत जागेवर आणतो का, की नुसता चालू-बंद करतो? कागदावरून काही कळत नव्हतं. नवीनने विचारणा पाठवली. उत्तर आलं, 'माल योग्य प्रकरणात दाखवला आहे. कृपया सोडावा.' त्याने परत विचारलं, तांत्रिक माहिती मागितली. उत्तरात एक रंगीत पत्रक आलं. त्यावर पिवळं हेल्मेट घातलेला एक गोरा माणूस जनरेटरला टेकून हसत होता. तिसऱ्यांदा विचारल्यावर पहिलंच उत्तर परत आलं, आणि या वेळी त्यात इंजिनाच्या जागी 'पंखा' लिहिलेलं होतं. दुसऱ्या कुठल्या तरी मालाचं उत्तर जसंच्या तसं चिकटवलेलं दिसत होतं.

नवीनने डोक्याला हात लावला. हा माणूस आपली थट्टा करतोय की काय? त्याने कडक इंग्रजीत लिहून टाकलं की खुलासा असमाधानकारक आहे, सबब माल पंच्याऐंशीव्या प्रकरणात घेण्याचं योजलं आहे, आयातदाराचं काही म्हणणं असल्यास कळवावं. मग संगणक बंद करून त्याने गावाकडे जाणारी गाडी पकडली.

गावाकडे भरताचे दिवस होते. पौषातली थंडी, केळीच्या बागेशेजारी रिकाम्या वावरात कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ केलेला, त्यात हिरवी लांबट वांगी भाजून निघालेली. नवीनचे वडील रतिलाल आबा खाटेवर बसून सगळ्यांना सूचना देत होते आणि कुणी त्या ऐकत नव्हतं. आई, सुनंदाबाई, लाकडी बडगीत वांगी कुटत होत्या. नवीनची थोरली बहीण ज्योत्स्ना आणि तिचा नवरा भूपेंद्र धुळ्याहून यायचे होते, म्हणून पंगत थांबली होती.

भूपेंद्रची पिकअप बांधावर येऊन थांबली तेव्हाच दार आपटल्याच्या आवाजावरून नवीनने ओळखलं की दाजींचं काहीतरी बिनसलंय. भूपेंद्र म्हणजे अंगापिंडाने दणकट, आवाजाने त्याहून दणकट माणूस. धुळ्याला एमआयडीसीत त्याची शेड होती. वडील जनरेटर दुरुस्त करायचे, हा बांधून विकायला लागला होता. स्वभावाने दिलदार; पण चिडला की अख्ख्या गल्लीला कळायचं.

"काय दाजी, तब्येत बरी ना?" नवीनने विचारलं.

"तब्येतीला काय धाड भरलीय? डोकं फिरलंय माझं," भूपेंद्र पानावर बसता बसता म्हणाला. "तुमचं सरकार. प्रदूषणाचे नवे नियम काढले, म्हणे इंजिनावर इलेक्ट्रॉनिक कंट्रोल पाहिजे. ठीक आहे. इकडे मिळत नाही तसलं, म्हणून बाहेरून मागवलं. आता ते बंदरात अटकून पडलंय. सावद्याला केळी पिकवायचं कोल्ड स्टोरेज उभं राहतंय, त्याची ऑर्डर माझ्याकडे. जनरेटर बांधून तयार आहे, फक्त त्याला डोकं नाही. अन् जो कोणी तिकडे एसीत बसलाय ना, त्यालाही नाही."

नवीनने पुरीचा तुकडा मोडला. त्याला अजून कसली शंका आली नव्हती. मालाची अडवणूक रोज कुणाची ना कुणाची होतच असते.

"नवीन आहे ना आता," आई म्हणाल्या. "त्याले दाखवा."

"दाखवतो ना. काय भाषा असते यांची, तुम्हीच ऐका." भूपेंद्रने चष्मा वर केला, मोबाइल लांब धरला आणि एकेक शब्द दगडासारखा खाली टाकत इंग्रजी वाचायला लागला. "इन... सो... फार... ॲज. इन सो फार ॲज! नवीन, हे 'फार' म्हणजे किती फार?"

सगळे हसले. नवीनच्या घशात मिरची अडकली. 'इन सो फार ॲज' हे त्याचे आवडते शब्द होते. पुढचं वाक्य दाजींनी वाचायच्या आधीच त्याला पाठ होतं, कारण ते त्याने स्वतः घडवलं होतं, आणि घडवून झाल्यावर दोनदा वाचून पाहिलं होतं.

"दाजी," पाणी पिऊन तो म्हणाला, "फर्मचं नाव काय तुमच्या?"

"सातपुडा पॉवर. का?"

"तुमची तर मंजुळा इंजिनिअरिंग होती ना? धुळ्याची?"

"अरे, असं काय करतोस?" ज्योत्स्ना म्हणाली. "दिवाळीत फोनवर सांगितलं नव्हतं का तुला? जळगावचे भिकनभाऊ अन् हे, दोघांनी भागीदारीत नवी काढली. तू म्हणालास, वा, छान."

म्हणाला असेलही. दिवाळीत फोनवर माणूस दुसरं काय म्हणतो? नवीनने केळीच्या पानावरून हात मागे घेतला. गप्प राहता आलं असतं. रजा संपवून परत गेल्यावर काय ते करता आलं असतं. पण दाजी पुढचं वाचायला लागले होते आणि ते ऐकवत नव्हतं.

"दाजी, वाचू नका. ते मी लिहिलंय."

"काय लिहिलं?"

"हेच. फाइल माझ्याकडे आहे. तो एसीतला माणूस मीच."

भूपेंद्रने चष्मा खाली घेतला, मोबाइल खिशात टाकला. मग तो असा काही गडगडून हसला की बांधावरची पाखरं उडाली. त्याने नवीनच्या पाठीत थाप मारली, "अरे, मग झालं ना काम!" म्हणून भिकनला फोन लावायला खिशात हात घातला. आईंनी नवीनच्या पानावर आणखी भरीत वाढलं. आबा खाटेवरून म्हणाले, "पाहुण्याचा माल आहे, तुह्याच हातात आहे. उद्याच्या उद्या सोडून टाक अन् मोकळा हो."

"आबा, तसं नाही करता येत."

"काऊन?"

"नातं आहे म्हणून. मला आता ती फाइल सोडावी लागेल. म्हणजे माल नाही, फाइल. साहेबांना सांगावं लागेल की हे माझे दाजी आहेत. मग ती दुसऱ्या कुणाकडे जाईल."

"दुसऱ्याकडे कायले? तू वाचली आहे ना ती?"

"वाचली आहे. पण तेव्हा मला माहीत नव्हतं."

"आता माहीत झालं ना?"

"म्हणूनच तर, आबा! माहीत नव्हतं तोवर माझ्या हातात होतं. आता माहीत झालं, म्हणून हातात नाही."

आबांनी सुनंदाबाईंकडे पाहिलं. "हे कोन्या शाळेत शिकवतात?"

भूपेंद्रचं हसू तोवर मावळलं होतं. त्याने फोन खिशात ठेवला. "थांब, मला समजू दे," तो सावकाश म्हणाला. चिडलेला दाजी नवीनला चालायचा, सावकाश बोलणारा नको वाटायचा. "ओळख नव्हती तेव्हा तू माल अडवला. आता ओळख निघाली, तर तुला सोडता येत नाही."

"हो."

"मग त्या ओळखीचा उपयोग काय?"

नवीनकडे याला उत्तर होतं, पण ते नियमाच्या भाषेत होतं आणि ती भाषा त्या जाळाशेजारी बोलायची त्याला लाज वाटली. भरीत मात्र झकास झालं होतं. कुणी तसं म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी ज्योत्स्नाने त्याला धुळ्याला चलायला सांगितलं. तो नको म्हणाला. "बहिणीच्या घरी जेवायला येणं हापण गुन्हा आहे का?" असं तिने विचारलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून तो गेला. जेवणापुरता जाईन, शेडकडे फिरकणार नाही, असं त्याने स्वतःला बजावलं होतं. घरात पाय ठेवला तर दाजींची आई, मंजुळाबाई, ओसरीवर बसलेली. तिला सगळं कळलेलं होतं.

"तूच तो शे का?" म्हातारीने आपल्या अहिराणीत विचारलं आणि त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बठ्ठा माल अटकी पडेल शे, अन् तू आठे जेवाले उना."

"मावशी, जेवायला आलो खरा, पण माल मी मुद्दाम नाही अडवला."

"मंग चुकीसन अडवा? त्ये तर आखो वाईट."

जेवणात शेवभाजी होती, आणि तिचा तिखटपणा त्या दिवशी नवीनला जरा खासच वाटला. हात धुऊन तो निघायच्या बेतात होता, तेवढ्यात भूपेंद्र म्हणाला, "चल. पाच मिनिटं. काही मागत नाही मी. फक्त बघ. ज्याच्यावर एवढं लिहिलंस ते एकदा डोळ्यांनी बघ तरी."

नवीनला नाही म्हणता आलं असतं. म्हणायलाच पाहिजे होतं. पण इतकी वर्षं तो डब्यांची, यंत्रांची, सुट्या भागांची नावं ठरवत आला होता आणि त्यातली एकही वस्तू त्याने चालताना पाहिली नव्हती. तो पिकअपमध्ये बसला.

शेडमध्ये चाचणीसाठी ठेवलेला हिरव्या रंगाचा एक लहान जनरेटर उभा होता. त्याच्यावर परदेशी कंपनीने नमुना म्हणून आधी पाठवलेला एक डबा बसवलेला. पुस्तकाएवढा, काळा, तारा फुटलेला. भूपेंद्रने इंजिन सुरू केलं. एका लयीत धडधड सुरू झाली. मग त्याने भिंतीशी मांडून ठेवलेले मोठे हीटर एकदम चालू केले. इंजिनाचा आवाज दबला, बसक्या घशाने कण्हल्यासारखा झाला, आणि नवीन काही बोलणार इतक्यात परत वर येऊन पहिल्या लयीत लागला. भूपेंद्रने हीटर बंद केले. आवाज चढला, आणि परत खाली येऊन जागेवर बसला. कुणी हात लावला नव्हता.

नवीन बघत राहिला. हव्या त्या मापावर आणायचं, काही हललं तर पुन्हा मोजायचं, आणि पुन्हा तिथेच आणून ठेवायचं. नव्वदाव्या प्रकरणाच्या टीपेत अगदी हेच लिहिलं होतं. हे पॅनल नव्हतं. तो चुकला होता, सरळसरळ चुकला होता.

"आणि हे?" त्याने बाजूच्या टेबलावरच्या नमुन्याच्या दुसऱ्या, लहान डब्याकडे बोट दाखवलं.

"ते लाइट गेली की जनरेटर चालू करतं. आली की बंद."

"वेग मोजत नाही?"

"ते कशाला मोजेल? त्याचं काय काम?"

"दाजी, पण तुमच्या कागदांत हे दोन्ही एकाच नावाखाली आहेत! एकच वस्तू म्हणून दाखवलंय. हे वेगळं, ते वेगळं. मला कसं कळणार?"

"विचारायचं होतं."

"विचारलं ना! तीन वेळा विचारलं!" नवीनचा आवाज त्याच्याही नकळत चढला. "तुम्ही मला हसणारा गोरा पाठवलात! पंखा पाठवलात!"

"उत्तरं भिकन लिहितो. तो म्हणतो, सरकारला जितकं कमी लिहावं तितकं बरं."

"का?"

"का म्हणजे? जास्त लिहिलं की तुम्ही त्यातूनच आणखी प्रश्न काढता."

त्यांच्या मागोमाग येऊन इतका वेळ दारात उभी असलेली ज्योत्स्ना आत आली. ती बीएस्सी झालेली, फर्मचा हिशेब पाहायची. "नवीन, खरं सांग," ती म्हणाली, "तुला यांना नेमकं विचारायचं काय होतं?"

"की डबा वेग मोजतो का, आणि मोजून तो जागेवर आणतो का. बस."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग असं विचार ना, बाबा! ते देअरफोर, इन सो फार, विथ रेफरन्स टू द नोट... आम्हाला वाटलं आमच्यावर केस झाली. हे दोन रात्री झोपले नाहीत. एवढंच विचारलं असतंस तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

नवीन उत्तर द्यायला तोंड उघडत होता, आणि मध्येच थबकला. आपण आयातदाराच्या शेडमध्ये उभे राहून आयातदाराला आपल्याच विचारणेचा अर्थ सांगतोय, हे त्याच्या ध्यानात आलं. "ताई, आता मला काही विचारू नकोस. मी काही बोललो नाही असं समज. आणि माझ्याकडून एक अक्षरही लिहून घेऊ नका."

"अक्षर लिहून द्यायलाही बंदी?" भूपेंद्र म्हणाला. त्याने इंजिन बंद केलं. नवीन बाहेर जाऊन पिकअपशेजारी उभा राहिला.

रजा संपल्यावर नवीन सरळ वरिष्ठ मॅडमच्या खोलीत गेला आणि सगळं सांगितलं; दाजी, फर्म, शेड, इंजिनसुद्धा. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही शेडमध्ये कशाला गेलात?" नवीन म्हणाला, बहीण रडत होती. मॅडमनी चष्मा परत लावला. नातं जाहीर केल्याचं त्याच्याकडून लिहून घेतलं, फाइल त्याच्याकडून काढली आणि ती आणखी कुठल्या तरी शहरातल्या, आणखी कुठल्या तरी अधिकाऱ्याकडे गेली. आपलं मत चुकीचं होतं हेही नवीनला लिहायचं होतं. मॅडम म्हणाल्या, "अजिबात नाही. तुम्ही आता त्यांच्या बाजूने एक ओळ लिहिलीत तर ती नातेवाइकाची ओळ होईल." त्या बरोबरच बोलत होत्या. त्याचाच तर त्याला जास्त राग आला.

नव्या अधिकाऱ्याने पहिल्यापासून सुरुवात केली. परत विचारणा, परत तांत्रिक माहिती, वर एका मान्यताप्राप्त इंजिनिअरचा दाखला. तोवर सावद्याच्या कोल्ड स्टोरेजवाल्याचा धीर सुटला आणि त्याने पुण्याहून तयार जनरेटर आणून बसवला. त्याच दिवशी आबांचा फोन आला. इकडचं तिकडचं न विचारता ते म्हणाले, "लोक म्हनतात, रतिलालच्या पोरानं स्वतःच्या बहिनीचा माल अडवला. मी काय सांगू त्याहिले?"

"सांगा की नियम आहे."

"नियम म्हटल्यावर लोक हसतात, नवीन," असं म्हणून आबांनी फोन ठेवला.

दाजींचा फोन येणं तर बंदच झालं. ज्योत्स्नाचा यायचा, पण ती मालाविषयी बोलायची नाही, आणि नवीन विचारायचा नाही. एकदा त्याने न राहवून "काय झालं गं?" एवढंच म्हटलं, तर ती म्हणाली, "तूच म्हणालास ना, विचारू नकोस."

तिकडे तिने मात्र एक केलं. भिकनभाऊंच्या हातातून उत्तरं लिहायचं काम काढून घेतलं. भिकनभाऊ जळगावहून तावातावाने आले, कमी लिहिण्याचे फायदे सांगून गेले, पण ती हलली नाही. तिने साध्या इंग्रजीत लिहिलं: वस्तू दोन आहेत, मोठी वेग मोजते आणि जागेवर ठेवते, लहान फक्त चालू-बंद करते. हीटर लावल्यावर इंजिन कसं दबतं आणि परत कसं उठतं, त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून जोडला. व्हिडिओत मागून मंजुळाबाईचा आवाज येत होता, तो तसाच ठेवला. इंजिनिअरचा दाखलाही लावला.

शिमग्याच्या सुमारास निर्णय आला. मोठे डबे नव्वदाव्या प्रकरणात, कंपनीचं म्हणणं मान्य. लहान डबे पंच्याऐंशीव्यात, त्यांच्यावर जास्तीचा कर. माल सुटला. त्या शेडमध्ये उभं राहून नवीनने जे मनात ठरवलं होतं, अगदी तेच, एका अक्षराचा फरक नाही. ज्योत्स्नाने फोनवर सांगितलं तेव्हा त्याला आनंद व्हायला हवा होता, पण झाली ती नुसती चिडचिड.

"म्हणजे मीच दिला असता तो निर्णय!" तो म्हणाला. "दोन महिने आधी!"

"मग द्यायचा होतास."

"ताई, अगं..."

"मला कळतंय रे," ती म्हणाली. "यांना नाही कळत. आणि मी काही समजावायला जाणार नाही. दोघांच्या मध्ये पडून मी दमले आता."

नवीनच्या कामात एक बदल झाला. विचारणा लिहिताना तो आता साधं लिहायला लागला. वस्तू काय करते? कशाने चालते? बंद पडली तर काय होतं? पहिलीच तशी विचारणा मॅडमनी लाल खुणा करून परत पाठवली. भाषा कार्यालयीन असावी. नवीनने पहिल्या ओळीत कार्यालयीन भाषा घातली आणि खाली आपले साधे प्रश्न तसेच ठेवले. मॅडमनी त्याकडे बराच वेळ पाहिलं, उसासा टाकला आणि जाऊ दिलं. काही व्यापारी नीट उत्तरं द्यायला लागले. काहींनी तरीही पत्रकंच पाठवली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ज्योत्स्ना माहेरी आली आणि नवीनही रजा काढून आला. खान्देशात आखाजीला लेकीने माहेरी यायचं, झोके घ्यायचे, गाणी म्हणायची. तिला परत न्यायला जावई येतो. भूपेंद्र येईल की नाही याची घरात सगळ्यांना धास्ती होती. पण तो आला. पिकअपचं दार या वेळी आपटलं नाही. आबांना, आईंना नमस्कार केला, नवीनला "काय म्हणतोस," म्हणाला, आणि पानावर बसला. खापरावरचे मांडे होते, रस होता. दोघं शेजारी बसले, कारण सुनंदाबाईंनी दुसरीकडे पाटच मांडला नव्हता.

मांडे वाढून झाले. मग भूपेंद्र रसाच्या वाटीकडे बघत म्हणाला, "तो जो दुसरा अधिकारी होता ना, तो कधी भेटला तर मी त्याच्या पाया पडेन. ना ओळख, ना पाळख, पण माणसानं काम केलं."

नवीनचा घास हातातच राहिला. "दाजी, मीपण तेच केलं असतं. अगदी तेच."

"असेल. पण केलं त्यानं."

नवीनने घास तोंडात घातला आणि जरा जोरातच चावला. सावद्याची ऑर्डर गेली होती. ती आपल्यामुळे गेली, की भिकनभाऊंच्या पत्रकामुळे, की आणखी कशामुळे, याचा हिशेब त्याने रात्र रात्र मांडून पाहिला होता आणि दर वेळी उत्तर वेगळं आलं होतं. "तुमचं नुकसान झालं त्याचं मला वाईट वाटतं, दाजी," तो म्हणाला. हे त्याने आधी फोनवर म्हणायला हवं होतं.

भूपेंद्रने मान हलवली. माफ केलं असं तो म्हणाला नाही, पण आपल्या पानावरचा अर्धा मांडा उचलून त्याने नवीनच्या पानावर ठेवला. "खा. मला एवढा जात नाही." धुळ्याच्या त्या दणकट अंगापिंडाच्या माणसाला मांडा जात नाही हे कुणालाच खरं वाटण्यासारखं नव्हतं. आईंनी पदराने डोळे टिपले आणि रस आणायला आत गेल्या.

"आता नवी ऑर्डर मिळालीय, चोपड्याकडची," भूपेंद्रचा आवाज मोकळा झाला. "पुढच्या महिन्यात बाहेरून सेन्सर मागवतोय. तापमानाचे. ते कोणत्या प्रकरणात..."

"दाजी, नको," नवीनने उष्टा हात वर केला. "मला सांगू नका. कंपनी कोणती, माल कोणता, काही सांगू नका."

"अरे, मी फक्त विचारतोय."

"विचारू नका. निर्णय हवा असेल तर आधीच रीतसर अर्ज करून घेता येतो, तो करा. माझ्याशी बोलू नका."

"घरात जेवताना बोलायचं नाही?"

"नाही!"

भूपेंद्रने त्याच्याकडे एकदा टक लावून पाहिलं. मग तो पाटावरच वळला, नवीनकडे पाठ केली, आणि समोर बसलेल्या रतिलाल आबांना, ज्यांना सेन्सर म्हणजे काय हे माहीत नव्हतं आणि ऐकूही जरा कमीच येत होतं, सगळं पहिल्यापासून सांगायला लागला. सेन्सर कुठून येतो, आत काय असतं, तार कुठे जोडतात, काय मोजतो आणि मोजून काय करतो. आवाज असा की अर्ध्या गल्लीने ऐकावं. आबा गंभीरपणे मान डोलावत होते. ज्योत्स्ना तोंडाला पदर लावून हसत होती.

नवीन वाटी घेऊन उठला आणि स्वयंपाकघरात जाऊन आईशेजारी उभा राहिला. दाराआडूनही दाजींचा शब्दन्‌शब्द येत होता.

"आई, मिक्सर लाव."

"रस तर काढून झाला रे."

"असू दे. तरी लाव."